रिकाम्या स्टुलाचा फोटो

हॉलमध्ये तीनशे माणसं होती, आणि तीनशेच्या तीनशे एका म्हाताऱ्या बाईच्या गुडघ्याकडे टक लावून बघत होती.

गुडघा भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर होता. बाई स्वतः मंचावर स्टुलावर बसली होती, अंग चोरून, दोन्ही हात मांडीवर. तिच्या मागे बारीक फुलांचा पडदा, पुढे तीन पायांच्या स्टँडवर कॅमेरा आणि कॅमेऱ्यामागे पांढऱ्या सदऱ्यातला एक गुळगुळीत गृहस्थ. फ्लॅश लखकन उडाला, टीव्हीवर फोटो आला आणि सगळा हॉल एकदम श्वास घेतल्यासारखा हलला. बाईच्या डाव्या गुडघ्यावर लाल गोळा होता. कडा धूसर, मधून पलीकडचं कापड दिसत होतं, पण गोळा होता हे नक्की. गुडघा तिचा डावाच दुखत होता.

"मी काही करत नाही," तो गृहस्थ माइकवर अगदी हळू म्हणाला. हळू बोललं की लोक पुढे वाकून ऐकतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. "करतो तो प्रकाश. डॉक्टर हाड बघतात, प्रकाश हाडामागचं बघतो. सात बैठका. प्रत्येक बैठकीला गोळा लहान होईल. सातव्याला शोधूनही सापडणार नाही."

हाडामागचं म्हणजे नेमकं काय, हे त्याला कोणी विचारलं नाही. हाडामागे मांस असतं, मांसामागे कातडी, कातडीमागे सदरा. पण तीनशे माणसांत एकालाही तोंड उघडावंसं वाटलं नाही. हा माणूस स्वतःला प्रकाशगुरू म्हणवून घ्यायचा. मी त्याला पुढे फ्लॅशबाबा म्हणायला लागलो आणि या गोष्टीतही तेच म्हणणार आहे, कारण त्याला गुरू म्हणायला माझी जीभ वळत नाही.

त्या तीनशेंमध्ये मीही होतो. तोंड मीही उघडलं नाही. उलट बाईच्या पाठोपाठ स्टुलावर जी बसली, ती माझी सख्खी थोरली बहीण होती आणि तिला स्कूटरवरून मीच आणलं होतं.

ताईचा फोटो आला. डाव्या छातीवर लाल गोळा, चांगला ताटाएवढा.

ताईने मान खाली घातली. माझ्या शेजारी बसलेले भावोजी माझा हात धरून पुटपुटले, "बघ. आपण एक शब्द बोललो नव्हतो." बोललो नव्हतो हे खरं. पण दारात पांढऱ्या ड्रेसमधल्या एका मदतनीस बाईने फॉर्म भरून घेतला होता. कुठे त्रास, कोणती बाजू, डॉक्टर काय म्हणाले. तो भावोजींनीच सुवाच्य अक्षरात भरला होता. मला वाटलं, फॉर्म काय, सगळीकडेच भरून घेतात.

आता ताईबद्दल सांगतो, म्हणजे पुढचा माझा संताप तुम्हाला कळेल. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि ताई सतरा. आईचं पोटाचं ऑपरेशन होतं. सकाळी हसत आत गेली, ती परत आलीच नाही. त्या दिवसापासून ताईने मला वाढवलं. शिवणयंत्रावर दुसऱ्यांचे कपडे शिवून माझ्या शाळेचे कपडे शिवले. अशा बाईला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की छातीत गाठ आहे, चांगली नाही, पण लहान आहे, पसरलेली दिसत नाही, लगेच काढली तर बरं होण्याची पुष्कळ आशा आहे. एवढ्या लांब वाक्यातलं ताईने फक्त 'काढली तर' एवढंच ऐकलं. तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. आणि त्या तीन आठवड्यांत भावोजींच्या ऑफिसातल्या कोणीतरी फ्लॅशबाबाचं नाव सांगितलं.

मी वजनकाटे दुरुस्त करतो. दुकानदारांचे, भंगारवाल्यांचे, बाळं तोलायचे दवाखान्यातलेही. खोटं वजन मला हाताला कळतं. आणि त्याच सुमारास, चाळिशी उलटल्यावर, मला फोटोचं वेड लागलं. जुना कॅमेरा घेतला, आणि आमच्या भागातल्या कॅमेरा क्लबात नाव घातलं.

क्लब म्हणजे वाचनालयाच्या वरची एक खोली, दर रविवारी सकाळी दहाला. एक लांब टेबल, सोळा खुर्च्या, एक बिघडलेला पंखा. बसड्रायव्हर, शाळामास्तर, दोन कॉलेजच्या मुली, असे आम्ही पंधरावीस जण. क्लब चालवायच्या एक्स-रेबाई. तीस वर्षं इस्पितळात एक्स-रे काढून निवृत्त झालेल्या, बारीक अंगाच्या, चष्मा नेहमी डोक्यावर. चांगल्या फोटोला त्या फक्त 'हं' म्हणायच्या. त्यांना खरा रस चुकीच्या फोटोंत.

खोलीच्या एका भिंतीवर नुसते चुकलेले फोटो लावलेले होते. हललेले, काळे पडलेले, डोकी उडालेले. प्रत्येकाखाली एक कागदाची पट्टी आणि त्यावर ज्याची चूक त्याच्याच अक्षरात, ती कशी झाली. 'शटर फार हळू ठेवलं, बाळ हललं.' 'काचेतून काढला, फ्लॅश काचेवर उलटला.' एक्स-रेबाईंचे स्वतःचे तिथे अकरा होते. नियम एकच. चूक कशी झाली हे कोणी दुसऱ्याने सांगायचं नाही. ज्याची त्याने शोधायची, करून बघायची आणि मगच लिहायचं. तोवर पट्टी कोरी.

नव्या सभासदाला पहिला अभ्यास ठरलेला असे. एक स्टूल, तेवढंच अंतर, फ्लॅश, आणि लेन्सच्या आतलं भोक दर फोटोला एक खटका लहान करत सात फोटो. हे भोक लेन्सवरचं कडं फिरवून लहानमोठं होतं. मोठं असलं की समोरचं स्पष्ट आणि मागचं सगळं धूसर. जसं लहान करावं तसं मागचंही रेखीव होत जातं. एवढंच शिकायचं असतं. मी घरी स्टूल मांडलं, सात फोटो काढले, छापून रविवारी नेले. सातही फोटोंत कोपऱ्यात एक पांढरट गोळा. पहिल्यात बशीएवढा, सातव्यात वाटाण्याएवढा.

क्लबात हशा पिकला. मी म्हणालो, लेन्स खराब आहे, दुकानदाराने फसवलं. शाळामास्तर म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. एक्स-रेबाईंनी सात फोटो ओळीने भिंतीवर लावले आणि खाली कोरी पट्टी चिकटवली.

मला ते फार लागलं. त्या रागातच मी तिथून निघालो आणि ताईकडे गेलो. तिने फ्लॅशबाबाचे दोन बैठकांचे फोटो पुढे ठेवले. दुसऱ्यातला गोळा पहिल्यापेक्षा खरंच लहान होता. ताई म्हणाली, "तू क्लबात जातोस. तुला यातलं कळतं. खरं सांग, हा फोटो खरा आहे का?"

मी चष्मा पुसला. फोटो उजेडात धरला, तिरका केला, गोळ्याच्या कडा बघितल्या. कॉम्प्युटरवर चिकटवलेलं काही दिसलं नाही. शिवाय तो तीनशे लोकांसमोर काढतो, मध्ये वेळच नसतो. क्लबात जाऊन मला जेमतेम चार रविवार झाले होते. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच. सकाळी सगळे हसले होते आणि इथे कोणीतरी मला जाणकार समजत होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"फोटो खरा आहे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ताईने ऑपरेशनची तारीख रद्द केली.

मला हे कळलं तेव्हा मी गप्प बसलो. मनात म्हटलं, सातच तर बैठका आहेत. त्रास नाही, काप नाही, एक पैसा मागत नाहीत. पुढे कळलं की सातव्यानंतर 'प्रकाश टिकवायला' घरात लावायचे दिवे तो विकायचा, पण ते राहू दे. तिसरी बैठक झाली, चौथी झाली, पाचवी झाली. दर शनिवारी मीच स्कूटर काढायचो. गोळा ताटाएवढ्याचा वाटीएवढा झाला, वाटीएवढ्याचा लिंबाएवढा. ताई गुणगुणायला लागली. भावोजींनी आपल्या ऑफिसातली आणखी चार माणसं तिथे नेली.

पाचव्या बैठकीनंतरच्या रविवारी सकाळी क्लबात जायला निघालो होतो. कॅमेरा पिशवीत टाकताना लेन्सच्या झाकणाची दोरी हाताला लागली. झाकण हरवू नये म्हणून मी ते पांढऱ्या दोरीने कॅमेऱ्याला बांधून ठेवलं होतं. दोरीचं टोक उसवलेलं होतं आणि ते बरोबर लेन्सच्या पुढे लोंबत होतं. मी तिथेच उभा राहिलो. कॅमेरा भिंतीकडे धरून फ्लॅश मारला. गोळा. दोरी बाजूला करून मारला. गोळा गायब. दोरी पुन्हा पुढे, भोक एक खटका लहान. गोळा लहान. आणखी लहान केलं, गोळा आणखी लहान. लेन्सच्या नाकापुढच्या कुठल्याही बारक्या वस्तूवर फ्लॅशचा झोत पडला की तिचा असा फुगलेला धूसर गोळा होतो, आणि भोक जेवढं लहान, गोळा तेवढा लहान.

मी आनंदाने धावत क्लबात गेलो. पेन काढलं आणि त्या कोऱ्या पट्टीवर 'झाकणाची दोरी' एवढे दोन शब्द लिहिले. लिहिता लिहिता वर बघितलं. सात फोटो ओळीने. मोठा गोळा, त्याहून लहान, त्याहून लहान. मला वाटलं, ही ओळ मी आणखी कुठेतरी बघितली आहे. आणि कुठे ते आठवलं तेव्हा पेन तिथेच टेबलावर टाकलं.

ताईकडे गेलो. शिवणयंत्राच्या वरच्या आरशाच्या कडेने तिने पाच फोटो ओळीने खोचले होते. ती आत होती. मी फोनवर त्यांचा फोटो घेतला आणि तडक क्लबात परतलो.

एक्स-रेबाईंनी फोन हातात घेतला, चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर ओढला. मला वाटलं, त्या गोळ्याकडे बघतील. त्यांनी गोळ्याकडे बघितलंच नाही.

"पडदा बघा," त्या म्हणाल्या.

पहिल्या फोटोत ताईच्या मागचा पडदा म्हणजे नुसता रंगाचा चिखल होता. दुसऱ्यात फुलं असावीत असं वाटत होतं. तिसऱ्यात फुलं दिसत होती. पाचव्यात पाकळ्या मोजता येत होत्या, आणि वरच्या दांडीच्या कड्याही. दर आठवड्याला भोक एक खटका लहान. ताईच्या छातीतलं काहीही लहान झालं नव्हतं. लहान होत होतं ते त्या हरामखोराच्या लेन्समधलं भोक.

मी टेबलावर मूठ आपटली. बाईंनी विचारलं, तारीख रद्द होऊन किती दिवस झाले. सांगितलं. बाईंचा चेहरा पहिल्यांदा उतरलेला बघितला. तीस वर्षं त्यांनी अशी उशिरा आलेली माणसं बघितली होती. त्या म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता तुमच्या ताईंकडे चला.

ताईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मी दोरी दाखवली, पडदा दाखवला. भावोजी मध्येच उठून म्हणाले की हे सगळं कॅमेऱ्याचं गणित आहे, प्रकाशाचं नाही, आणि सातवी बैठक होऊ न देणारे तुम्ही कोण. ताईने त्यांना हाताने थांबवलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "तूच सांगितलंस ना, फोटो खरा आहे म्हणून?"

मी कॅमेरा परत पिशवीत ठेवला.

एक्स-रेबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी विचारलं, ऑपरेशनची भीती कधीपासून वाटते. ताईने आईचं सांगितलं. दारात तिचा निरोप कसा घेतला, दुपारी वडील कसे एकटेच परत आले, सगळं. इतक्या वर्षांत ती माझ्याशी एवढं बोलली नव्हती. बाई ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "शनिवारी तुमची सहावी बैठक आहे ना? मी आले तर चालेल?" ताई हो म्हणाली. मग तिने आरशातले पाच फोटो काढून ड्रॉवरमध्ये ठेवले, पण फाडले नाहीत.

शनिवारी आम्ही पाच जण गेलो. ताई, भावोजी, एक्स-रेबाई, मी आणि बसड्रायव्हर. ड्रायव्हर एवढ्यासाठी की तो दारात उभा राहिला की दार दिसत नाही. हॉल खच्चून भरलेला. फ्लॅशबाबाने सुरुवातीला आपलं नेहमीचं दळण दळलं. प्रकाश म्हणजे सत्य, अंधार म्हणजे शंका, शंका घेणाऱ्याचा गोळा वाढतो. मग प्रत्येक फोटोआधी कॅमेऱ्यापुढचं पितळी कडं दोन्ही हातांनी फिरवून 'दिशाशुद्धी' करायची. त्या कड्यात एक काच होती. आजवर मी ती दहादा बघितली होती, आणि मला वाटलं होतं शोभेची आहे.

ताईचा नंबर आला. ती स्टुलावर बसली. दिशाशुद्धी झाली, फ्लॅश उडाला. टीव्हीवर ताई, छातीवर गोळा, बोरापेक्षा थोडा मोठा. टाळ्या. मदतनीस बाईने जाहीर केलं की पुढच्या शनिवारी ही भगिनी मुक्त होणार.

एक्स-रेबाई उभ्या राहिल्या. त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं, लेन्सचं भोक पहिल्या बैठकीला होतं तेवढं मोठं करून याच ताईंचा एक फोटो काढाल का. फ्लॅशबाबा हसला. म्हणाला, अश्रद्धेचा हात लागला की प्रकाश कोपतो. मागून कोणीतरी ओरडलं, बसा खाली. भावोजींनी डोळे मिटून घेतले होते.

मी मंचावर गेलो. फ्लॅशबाबा आडवा आला, तर बसड्रायव्हर त्याच्या आणि माझ्या मध्ये येऊन फक्त उभा राहिला. हात लावला नाही. मोठ्या भोकातून उजेड जास्त येतो म्हणून मी फ्लॅशचा जोर कमी केला, लेन्सचं कडं उलटं फिरवून भोक पूर्ण उघडलं आणि बटण दाबलं.

टीव्हीवर ताईच्या छातीवर ताटाएवढा लाल गोळा आला. पहिल्या बैठकीला होता तसाच, तेवढाच.

हॉलमध्ये किंकाळी उठली. आणि ताईने, माझ्या ताईने, दचकून छातीवर हात ठेवला. तिला वाटलं आजार परत आला. कसली भीती भरवली होती त्याने तिच्यात. मला त्या क्षणी त्या माणसाचा गळा धरावासा वाटला. पण हात कड्यावर होता तो तिथेच ठेवला. भोक लहान केलं, फोटो काढला. गोळा बोराएवढा. मोठं केलं. ताटाएवढा. पुन्हा लहान. "ताई, हा तुझा आजार नाही. हे माझ्या बोटात आहे. बघ, मी वाढवतो. बघ, मी कमी करतो."

ताई टीव्हीकडे बघत राहिली. ती शिंपीण आहे, तिला माप कळतं. मग ती स्टुलावरून उठली, दोन पावलं बाजूला झाली आणि मला म्हणाली, "आता काढ."

मी बटण दाबलं.

टीव्हीवर फुलांचा पडदा होता. स्टूल होतं. स्टुलावर कोणी नव्हतं. आणि त्या रिकाम्या स्टुलाच्या वर, जिथे माणसाची छाती असते तिथे, लाल गोळा अधांतरी लटकत होता.

एक्स-रेबाई वर आल्या. कड्यातली काच काढून उजेडाकडे धरली. काचेवर मोहरीएवढा एक लाल ठिपका होता. त्यांनी नखाने खरवडला आणि बोटाचं टोक पुढच्या रांगेला दाखवलं. नेलपॉलिश. कडं फिरवलं की ठिपका गुडघ्यावर, कडं फिरवलं की छातीवर. फॉर्ममध्ये लिहिलं असेल तिथे. सातव्या बैठकीला कोरी काच लावायची. झालं प्रकाशदर्शन. इतक्या माणसांचे गुडघे, पोटं, फुप्फुसं आणि एका बाईची छाती या मोहरीएवढ्या ठिपक्यावर टांगून ठेवली होती.

फ्लॅशबाबाला उत्तर तयार होतं. असल्या लोकांचं उत्तर कधी संपत नाही. तो म्हणाला, स्टुलाला मागच्या रुग्णांचं दुःख चिकटलेलं आहे. आणि ऐका, पुढच्या रांगेतल्या दोघांनी माना डोलावल्या. डोळ्यांदेखत काच खरवडली, तरी माना डोलावल्या. मला फ्लॅशबाबापेक्षा त्या मानांचा जास्त राग आला. मग आठवलं की पाच आठवड्यांपूर्वी त्यातली एक मान माझी होती.

तेवढ्यात गुडघेवाली म्हातारी उठली. तिचीही ती सहावी बैठक होती. तिने फार साधं विचारलं. "मग माझा गुडघा कशाने दुखतो?" एक्स-रेबाई म्हणाल्या, आजी, ते मला माहीत नाही, पण शोधून काढता येतं, सोमवारी माझ्याबरोबर चला. मग लोक एकेक करून उठायला लागले. काहींनी आपले फोटो तिथेच खुर्चीवर टाकले. काहींनी खिशात घातले. क्लबाने सगळे फोटो जोडून लेखी तक्रार केली, चौकशी लागली, हॉल बंद झाला. भावोजी त्या दिवशी माझ्या स्कूटरवर बसले नाहीत, चालत घरी गेले.

सोमवारी ताई दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी रागावून एक शब्द काढला नाही, ते मला जास्त बोचलं. तपासताना त्यांचा हात ताईच्या काखेत थांबला. गाठ वाढली होती आणि काखेतही एक लहान गाठ होती, जी आधीच्या कागदांत नव्हती. आठवड्याभरात ऑपरेशन झालं. आत जाताना ताईने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली. ती बाहेर आली. डोळे उघडल्यावर पहिलं वाक्य बोलली ते असं. "परत आले की नाही मी?" मी तोंड फिरवून रडलो.

पण गोष्ट इथे गोड करून संपवणार नाही. ताईला आता महिनोन्महिने औषध घ्यायचं आहे. केस गेलेत. डावा हात दुखतो म्हणून ती यंत्रावर थोडा वेळच बसते. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, तारखेला आलो असतो तर ही काखेतली गाठ झाली असती का. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही, कदाचित नसती झाली. हा 'कदाचित' मी रोज सकाळी उठून चघळतो. फ्लॅशबाबाने ताईचे सहा आठवडे चोरले, आणि शिडी मी धरली होती.

ताई घरी आल्यावरच्या रविवारी मी क्लबात गेलो. रिकाम्या स्टुलाचा तो फोटो मोठा छापून नेला होता. चुकांच्या भिंतीवर लावला आणि खाली कोरी पट्टी चिकटवली. एक्स-रेबाई म्हणाल्या, "ही चूक नव्हे हो, लबाडी आहे. आणि ती तुमची नाही." मी म्हणालो, माझी चूक वेगळी आहे. मग पेन काढून पट्टीवर लिहिलं.

'बहिणीने विचारलं, फोटो खरा आहे का. मी फक्त चिकटवाचिकटवी आहे का एवढंच बघितलं. गोळा कुठून आला हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं म्हणायची मला लाज वाटली.'

बाईंनी वाचलं आणि 'हं' म्हणाल्या.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, आणि रागानेही सांगतो. चमत्कार दाखवणारे येतच राहणार, एक गेला की दुसरा. कोणी कॅमेरा आणेल, कोणी आणखी कसलं यंत्र. दाखवलेलं बघून माना डोलावू नका. हे कसं होतं ते विचारा, आणि जो विचारू देत नाही त्याच्याकडून उठून या. घरातलं माणूस तुम्हाला जाणकार समजून काही विचारत असेल आणि तुम्हाला ठाऊक नसेल, तर माहीत नाही म्हणा आणि त्याला डॉक्टरकडे न्या. आणि तुमच्या आजाराचा फोटो कोणी काढलाच, तर स्टुलावरून उठा, दोन पावलं बाजूला व्हा आणि म्हणा, आता काढ.